खुर्चीला भोक न पाडल्याबद्दल आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन डिझायनर ईम्स दांपत्याच्या जुन्या फायबर खुर्चीचे सुटलेले पाय तुम्ही पुन्हा बसवून दिलेत, तेही कवचाला, म्हणजे काचतंतू आणि रेझिनच्या एकसंध बैठकीला, एकही भोक न पाडता. आम्हा सर्वांकडून मनापासून आभार!

या खुर्चीत आधी दमते ते रबर. बैठकीखाली चिकटवलेल्या चार रबरी चकत्यांत पायांचे स्क्रू बसतात. मागे रेलले की रबर थोडे दबते. पुढे ते कडक होते, सगळा ताण चिकटलेल्या जागेवर येतो आणि चकती उखडते. मग लोक सरळ आरपार बोल्ट मारतात आणि त्या भोकापासून तडे सुरू होतात.

तुम्ही जुना गोंद पटाशीने काढलात, कवच आणि नव्या चकत्या ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून स्पिरिटने पुसल्यात. चकत्या एकेक न चिकटवता आधी पायांच्या सांगाड्यावर सैल कसल्यात, म्हणून चारही जागच्या जागी बसल्या. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असतो, होडीचे पॉलिस्टर रेझिन रबराला नीट धरत नाही, म्हणून सावकाश सुकणारे, दोन भाग मिसळून वापरायचे इपॉक्सी गोंद घेतलेत. चिकटवताना वर ठेवायचे वजनही बेताचेच ठेवलेत. जास्त दाबले असते तर इपॉक्सी बाहेर येऊन सांधा कोरडा राहिला असता. २४ तास हात नाही, आठवडाभर बसणे नाही, हे तुमचे बजावणे आम्ही पाळले.

स्क्रूंचे विशेष आभार. या चकत्यांना पाव इंची, इंचाला २० आटे असलेला स्क्रू लागतो. आपल्याकडे सहज मिळणारा ६ मिलिमीटरचा आत जातो खरा, पण आटे खातो. लांबीही तुम्ही मोजून घेतलीत, कारण लांब स्क्रू कवचाला टेकून चकतीच उचलतो.

वर आलेले काचतंतू तुम्ही ओल्या पेपरने घासून मेण लावलेत, रंग मात्र दिला नाहीत. या खुर्चीचा रंग रेझिनमध्येच असतो आणि त्यातून दिसणारे तंतू हीच तिची शोभा. १९५० साली हर्मन मिलर या फर्निचर कंपनीने ती बाजारात आणली. त्याआधी ईम्स दांपत्याने फायबरचा पहिला नमुना कॅलिफोर्नियातल्या जॉन विल्सकडून करून घेतला होता. तोही तुमच्यासारखाच होड्या बांधणारा!

चकत्यांचा दुसरा संच आणि त्याच मापाचे स्क्रू तुमच्यासाठी बाजूला ठेवले आहेत. पुढची खुर्चीही तुमच्याच हातून व्हावी.

आपले नम्र,
जुन्या फर्निचरची दुरुस्ती करणारे आम्ही सगळे