सूचना : आदल्या दिवशीची तयारी-फेरी (कर्मचारी व स्वयंसेवक)

सर्वांना नमस्कार.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी जागेवरच तयारी-फेरी आहे. काम नेमून दिलेल्या प्रत्येकाने यायचंच आहे. ‘मला सगळं माहीत आहे’ म्हणणाऱ्यांनी तर जरा आधीच यावं.

आपल्या जागेपासून बाहेर पडायची सर्वांत जवळची वाट स्वतः चालून बघा. नकाशात रुंद दिसणारं दार प्रत्यक्षात खुर्च्यांच्या थप्पीने अर्धं अडलेलं असतं. कडी हाताने उघडून पाहा. कार्यक्रम चालू असताना या दारांना कुलूप नको, फुकटे घुसतात या सबबीवरही नाही.

गर्दीचं नीट लक्षात घ्या. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की कुणालाही आपल्या मर्जीने हलणं कठीण होतं. चेंगराचेंगरीत बहुतेक जीव जातात ते छाती दाबून श्वास कोंडल्याने. त्यामुळे लोक लाटेसारखे डोलू लागेपर्यंत थांबू नका, त्याआधीच प्रवेश बंद करा. त्यासाठी कुणाला विचारायची गरज नाही. मागच्यांना पुढचं दिसत नसतं, म्हणून निरोप शेवटच्या रांगेपर्यंत पोचवा.

वॉकीटॉकीवर आधी जागा सांगा, मग काय झालं, मग काय हवं ते. नुसतं ‘लवकर या’ ऐकून धावायचं कुठे?

हरवलेलं मूल सापडलं तर त्याचं नाव माइकवरून पुकारू नका. दोघांनी मिळून त्याला मदत कक्षात न्या.

जॅकेट आणि ओळखपत्रं फेरीतच मिळतील. येणं जमणार नसेल तर आजच कळवा, बदली माणूस शोधायला वेळ लागतो.