बांध न जाळणाऱ्या जिभाऊंना

जिभाऊ, रामराम.

तुमच्या बांधावरच्या नव्या किड्यावरचा माझा शोधनिबंध छापायला घेतल्याचं कळलं आणि पहिला फोन तुम्हाला लावला. तो मायने उचलला. "त्या बांधवर जायेल शेतस," म्हणाली. ते ऐकून मला भरून आलं, पुढे नीट बोलताच आलं नाही. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय. नातू तुम्हाला वाचून दाखवेलच, पण शिरपूरपासून चोपड्यापर्यंतच्या चार शेतकऱ्यांनीही ते वाचावं असं वाटतं.

मी आले होते कपाशीवरचे तुडतुडे, म्हणजे पानांतला रस शोषणारे बारीक किडे, मोजायला. तुम्ही पान उलटं करून दाखवलंत, खालच्या शिरांजवळ हिरवट पिल्लं तिरकी तिरकी पळत होती. पानाच्या कडा पिवळ्या पडतात, खाली वळतात, मग लालसर होऊन करपतात, हे तुम्ही मला सांगत होतात आणि मी वहीत लिहीत होते. तेवढ्यात तुम्ही बांधावरच्या पवन्या गवताकडे बोट केलंत. "ताई, हाऊ कपाशीना नही शे. हाऊ गवतना शे."

खरं सांगते, तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. कपाशीवरच्या तुडतुड्याच्या पंखांवर दोन काळे ठिपके असतात. इशिदा नावाच्या शास्त्रज्ञाने 1913 साली त्याचं वर्णन केलं तेव्हा नावातही 'दोन ठिपक्यांचा' हाच अर्थ ठेवला. तुमच्या गवतावरच्या किड्याला ठिपके नव्हते. वाळक्या पात्याच्या रंगाचा, जेमतेम चार मिलिमीटरचा. दोन हातांवर कपाशी असूनही तो तिकडे फिरकत नाही, हे तुम्ही कितीतरी पावसाळे बघत आला होतात. मी भिंग दिलं तर तुम्ही आधी त्याचे मागचे पाय बघितलेत आणि म्हणालात, करवतीसारखे दात आहेत. तुडतुड्यांच्या कुळाची ओळख आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो ती याच काट्यांच्या रांगांवरून.

त्या दिवशी हाती लागली ती एकच मादी. आणि इथे गाडी अडली. जगात तुडतुड्यांच्या 20,000हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. कितीतरी जाती वरून हुबेहूब सारख्या दिसतात, त्यांच्यातला फरक कळतो तो नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननांगांच्या आकारावरून. नर नाही तर वर्णन नाही. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "मग काय कराणं?" मी म्हटलं, हा बांध जाळू नका आणि त्यावर तणनाशक मारू नका. या कुळातल्या माद्या झाडाच्या पेशींत अंडी खुपसून ठेवतात. गवत पेटलं की अंडीही गेली.

हे मागणं लहान नव्हतं, जिभाऊ. चैत्रात सगळा शिवार बांध पेटवून साफ करतो. तुमच्या एकट्याच्या बांधावर गुडघाभर वाळकं गवत उभं. शेजारच्या वावरातून बोलणं ऐकावं लागलं, तुमच्या गवतामुळे आमच्याकडे कीड येईल म्हणून. मायने नंतर मला सांगितलं की तुम्ही त्या माणसाला बांधावर नेऊन भिंगातून किडा दाखवलात. मला मात्र तुम्ही यातलं अक्षर कळू दिलं नाही.

पोळ्याची रात्र मी विसरणार नाही. अमावास्येच्या काळोखात दिव्यावर किडे जास्त येतात म्हणून मी तो दिवस धरला होता, पण सणाच्या दिवशी तुम्हाला सांगायचं कसं? तुम्ही बैलांना पुरणपोळी भरवलीत, त्यांच्या पाया पडलात आणि डोक्यावरची नवी टोपीही न काढता दिव्याजवळ किडे बसायला चादर बांधायला आलात. दोन वेळा लाईट गेली. साडेदहाच्या सुमारास चादरीच्या खालच्या कोपऱ्यात तुम्हीच तो पाहिलात. मी शिकवली होती तशी नळी तोंडात धरून, श्वास बेताने ओढून त्याला कुपीत घेतलात. एक पायसुद्धा तुटला नाही. पहाटेपर्यंत सहा नर झाले.

पुढचं काम माझं होतं. नराच्या पोटाचं टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये स्वच्छ करायचं, ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून रेघ न् रेघ काढायची. मग डिस्टंट या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1908 साली केलेल्या वर्णनांपासून आजपर्यंतच्या सगळ्या जवळच्या जातींशी ताडून पाहायचं. त्यात बरेच महिने गेले. कुणाशीच जुळला नाही.

नाव इथे लिहीत नाही, रागावू नका. नव्या जातीचं नाव वर्णनासोबत रीतसर छापून येण्याआधी बाहेर फुटलं तर पुढे घोळ होतो. पण एक गोष्ट सांगते. ज्या एका नमुन्यावर जातीचं नाव कायमचं टेकलेलं असतं, तो तुम्ही पकडलेला पहिला नर आहे. कागदाच्या छोट्या त्रिकोणी टोकावर तो चिकटवलाय, त्याच टाचणीत अशा मुख्य नमुन्याची खूण म्हणून लाल चिठ्ठी आहे आणि तिच्या वर दुसरी. त्या दुसऱ्या चिठ्ठीवर गावाचं नाव, तारीख, 'पवन्या गवताजवळ, दिव्यावर', आणि पकडणाऱ्याचं नाव. तिथे माझं नाव लिहिलेलं नाही, तुमचं आहे. शंभर वर्षांनी कुणी ती पेटी उघडेल तेव्हाही तेच वाचेल.

हे सगळं ज्ञान तुमच्या बांधावर आधीपासून होतं. तुम्ही ते मला दिलंत, वर वर्षभर राखलंत. मनापासून आभार, जिभाऊ. मायलाही सांगा, त्या रात्री तिने शेतात पाठवलेल्या पुरणाच्या मांड्यांचेही.

आणि एक विनंती. याची पिल्लं अजून मिळालेली नाहीत, त्यांची चित्रं राहिलीत. यंदाही तेवढा बांध राहू द्या. पोळ्याच्या आदल्या दिवशीच येते, चादर आणि बॅटरी घेऊन.

तुमची,
ताई