टेबलाच्या पलीकडून वाचलेला पेपर

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

बघा, मायना अजून पाठ आहे. शाळेत पत्रलेखनाला नुसत्या मायन्याचे मार्क असायचे आणि ते मी कधी सोडले नाहीत. बाकीचं पत्र मात्र बोलते तसंच लिहिणार आहे. फोनवर सांगायला गेले असते तर आईने मध्येच "जेवलीस का" विचारलं असतं आणि बाबांना निम्मं ऐकू आलं नसतं, म्हणून हा उद्योग. बाबा, तुमच्या डोळ्यांसाठी २० पॉइंटात प्रिंट काढलीये, तरी अंधुक दिसलं तर आई वाचून दाखवेल. आई, वाचताना गाळायचं नाही हं काही, तुझी सवय माहितीये मला, तू पेपरातल्या पण नकोशा बातम्या गाळून वाचतेस.

तर झालं असं की रविवारी आई फोनवर म्हणाली, माळा आवरायला काढलाय, पत्र्याच्या ट्रंकेत ह्यांची ती छापखान्यातली खिळे जुळवायची स्टिक सापडली, पार गंजलीये, भंगारवाल्याला देऊन टाकू का. मी म्हटलं थांब जरा. तर आई अगदी भाजी निवडता निवडता बोलावं तसं म्हणाली, "आता काय करायचंय तिचं, तू तो पेपर चोरून वाचलास तेव्हाचं सामान हे."

आई, माझ्या हातातला कप राहिला तसाच. म्हणजे तुम्हाला माहीत होतं! दोघांनाही! ४१ वर्षं झाली, माझी मुलं नोकरीला लागली, आणि मला वाटत होतं की हे फक्त मला आणि आपल्या वाईच्या ढोल्या गणपतीला माहितीये (त्याला मी परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊन सांगितलं होतं, माफी पण मागितली होती, आगाऊ).

रात्री झोप लागली नाही. प्रेसच डोळ्यासमोर येत राहिली, जिथे तुम्ही खिळे, म्हणजे धातूचं एकेक सुटं अक्षर, जुळवून ओळी करायचात. मंडईमागचा तो बोळ, दाराशी रॉकेलचा वास, आत छपाईच्या ट्रेडल मशीनचा खटक-धप खटक-धप आवाज. मधल्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन यायचे, दोन वेण्या, लाल रिबिनी, त्यातली एक कायम सुटलेली. तुम्ही खिळ्यांच्या खणांच्या त्या तिरक्या केससमोर उभे, डाव्या हातात स्टिक, आणि उजवा हात न बघता बरोबर त्या त्या खणात जायचा, अर्धा 'त' कुठे, रफार कुठे, वेलांटी कुठे. मी विचारायचे बाबा न बघता कसं कळतं, तर तुम्ही म्हणायचात, तुला न बघता तोंडात घास जातो ना, तसंच. लगीनसराईत रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत पत्रिका चालायच्या. वाईत तेव्हा विश्वकोशाचं काम चाललेलं, पहिला खंड १९७६ लाच निघाला होता, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, आणि तुम्ही चहा पिताना म्हणायचात, तिकडे अख्ख्या जगाची माहिती जुळवतायत आणि आम्ही इथे 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. हसत म्हणायचात, पण ते काही नुसतं हसणं नव्हतं हे आता कळतं.

माझ्या रफ वह्या आठवतायत का आई? कटिंगचे उरलेले कागद बाबा आणायचे आणि तू दाभणाने शिवून द्यायचीस. एक पान गुलाबी, एक पिवळं, एक मागच्या बाजूला 'भव्य कुस्त्यांचे मैदान' छापलेलं. वर्गातल्या डॉक्टरांच्या मुलीकडे दुकानातली वही, तपकिरी कव्हर, वर लेबल. मला माझ्या वहीची लाज वाटायची, आणि ती मुलगी मात्र तिचं अख्खं खोडरबर देऊन माझी चार रंगीत पानं मागायची. मी दिली नाहीत. का नाही दिली कुणास ठाऊक.

आणि तुम्ही मला उलटं वाचायला शिकवलंत. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं, ते सरळ धरून वाचायला गेलं की उजवीकडून डावीकडे वाचावं लागतं आणि चुकतंच. म्हणून जुळारी ओळ डोक्यावर उभी करतो, शिरोरेषा खाली, अक्षरं सगळी शीर्षासनात, मग वाचायचं नेहमीसारखं डावीकडून. "नेहमी टेबलाच्या अलीकडून वाचायचं, पलीकडून वाचलंस तर आकडे फसवतात", हे तुमचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! आरशातला ३ हा ६ सारखाच दिसतो, म्हणून नवीन पोऱ्या कामाला लागला की पहिला आठवडा तो ३ च्या खणात ६ आणि ६ च्या खणात ३ टाकायचा आणि शेठ बोंबलायचे.

आता मुद्द्यावर येते. १९८४, मी आठवीत, सहामाही परीक्षा दिवाळीच्या आधी. आमच्या शाळेचे पेपर तुमच्याच प्रेसमध्ये छापायचे हे मला माहीत होतं, पण ते काम कधी दिसायचं नाही. दार ओढून घेऊन करायचात, चुकलेली प्रुफं मोजून शेठच्या घरच्या बंबात जायची. त्या दिवशी मी डबा घेऊन आले तर तुम्ही मागे मोरीवर रॉकेलने हात धूत होतात. टेबलावर खिळ्यांचं बांधून ठेवलेलं पान, वर जुना कागद टाकलेला. मी कागद उचलला. देवाशप्पथ, ठरवून नाही उचलला, पण उचलल्यावर ठेवला पण नाही. गणित! आणि मी उभी होते कुठे, तर टेबलाच्या पलीकडे. फिरून अलीकडे यायला चार पावलं लागली असती पण मोरीचा नळ बंद झाल्याचा आवाज आला. तेवढ्यात चक्रवाढ व्याजाचं एक उदाहरण आणि मजुरांचं एक, एवढं डोक्यात भरून घेतलं.

रात्री तुम्ही सगळे झोपल्यावर मी ते व्याजाचं गणित सोडवलं. ३००० रुपये, द. सा. द. शे. १०, मुदत ६ वर्षे. आई गं, सहा वर्षांचं चक्रवाढ हाताने! दशांश चिन्हं नुसती मुंग्यांसारखी पळत होती. सरांनी कधी तीन वर्षांच्या पुढे घातलं नव्हतं, पण मला काही शंका आली नाही, मला वाटलं सहामाहीला अवघडच घालणार. उत्तर आलं २३१४ रुपये ६८ पैसे. ते सगळं पायऱ्यांसकट पाठ केलं. परीक्षेत प्रश्न दिसला, 'चक्रवाढ व्याज काढा' एवढं वाचलं आणि सुटले, पुढचे आकडे वाचलेच नाहीत.

प्रश्न होता ६००० रुपये, ३ वर्षे. उत्तर १९८६. मजुरांच्या गणितात ३६ चे ६३ केले होते. त्या सिनेमातल्या चोरासारखं झालं माझं, ज्या घरात चोरी केली तिथेच पाकीट विसरून आला.

पेपर मिळाले ते दिवाळीच्या सुट्टीनंतर. पण सुट्टी संपायच्या आत ३१ ऑक्टोबर आला. तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो कारण माझा प्रेसमधला तो जवळजवळ शेवटचा दिवस. दिल्लीत इंदिरा गांधींना गोळ्या घातल्या असं सकाळपासून बोळात कुजबुजत होते, कोणी म्हणे वाचल्या, कोणी म्हणे बीबीसीने सांगितलं गेल्या, आणि आकाशवाणी संध्याकाळी सहापर्यंत त्या गेल्याचं काही सांगेना. बातमी सांगितली तेव्हा शेठनी टोपी काढून हातात घेतली. ट्रेडल बंद. मग अर्ध्या तासाने कोणीतरी शोकसभेच्या पत्रकांसाठी आलं आणि पुन्हा चालू. मोठ्या अक्षरांचे लाकडी खिळे तुम्ही वरच्या खणातून काढलेत, मला म्हणालात पूस जरा, धूळ बसलीये. मी फ्रॉकनेच पुसले. 'श्रद्धांजली' मधला 'द्ध' मी तुमच्या हातात दिला होता. भोवती काळी जाड चौकट. रात्री दहाला आपण दोघं चालत घरी आलो, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, नुसतं माझं बोट धरलं होतंत आणि तुमच्या शाईचा डाग माझ्या बोटाला लागला तो मी दोन दिवस धुतला नाही.

मग शाळा उघडली. गणितात १०० पैकी ३३. (अलीकडून वाचले तर ३३, पलीकडून वाचले तर ६६.) व्याजाच्या गणितावर सरांनी लाल पेनाने नुसतं प्रश्नचिन्ह काढलेलं, कारण पायऱ्या बरोबर, आकडेच भलते. पालकांची सही आणायची होती. बाबा, तुम्ही तो पेपर कंदिलाजवळ नेलात, लाइट गेलेली होती, आणि खूप वेळ बघत बसलात. मला वाटलं मार्क कमी म्हणून. सही केलीत, पेपर घडी करून दिलात, "जेवून घे" म्हणालात. बास. मला केवढं हायसं वाटलं!

दुसऱ्या दिवसापासून डबा धाकट्याने न्यायचा. मी का नाही असं विचारलं तर आई म्हणाली, "मोठी झालीस आता, तिथे पुरुषमाणसांत जायचं नाही." आणि आई, नेमकी त्याच महिन्यात माझी पाळी सुरू झाली होती. (वाच, वाच, बाबा काही लाजत नाहीत आता.) मग मी काय समजणार? मी सरळ हिशोब लावला. मुलगी म्हणून मला प्रेसमधून हाकललं. तो राग मी किती वर्षं सांभाळला माहितीये? बारावीला तुमच्याशी भांडले होते ना बाबा, तुम्हाला मुलगी नकोच होती वगैरे, त्याच्या मुळाशी हेच होतं. लग्नानंतर ह्यांना सांगितलं, मुलांना सांगितलं, आणि कहर म्हणजे आमच्या बँकेत ८ मार्चला मला बोलायला उभं केलं तर तिथे माइकवर पण सांगितलं, की माझ्या वडिलांनी मला खिळे जुळवायला शिकवलं आणि मी वयात आल्याबरोबर बंद केलं. टाळ्या पडल्या हो! दोन जणींनी तर डोळे पुसले. आता त्या सगळ्यांना गोळा करून काय सांगू?

रविवारी मी आईला खोदून खोदून विचारलं तेव्हा बाकीचं कळलं. की तुम्ही त्याच रात्री आईला म्हणालात, "पोरीने पलीकडून वाचलंय." की दुसऱ्या दिवशी शेठना सांगितलंत, माझ्या घरात शाळेत जाणारी पोरं आहेत, परीक्षेचं काम मला देऊ नका, दुसऱ्याकडून करून घ्या. कारण सांगितलं नाहीत. आणि परीक्षेच्या सीझनचा ओव्हरटाइम गेला तो गेलाच, दर सहामाही, दर वार्षिक. मी बँकेत ३० वर्षं व्याजाचे हिशोब केले, ह्या रकमेचं चक्रवाढ काढायला मात्र हात धजत नाही. पुढच्या जूनला मला नवा युनिफॉर्म मिळाला नव्हता, जुन्या स्कर्टची कड सोडून दिली होतीस आई, खाली निळ्या रंगाची गडद पट्टी दिसायची, मी तुझ्याशी आठवडाभर अबोला धरलेला. तू तेव्हाही काही बोलली नाहीस. धन्य आहात तुम्ही दोघं. एक थोबाडीत मारली असतीत तर स्वस्तात सुटलो असतो सगळे!

बाबा, मला फक्त एवढंच विचारायचंय, तुम्ही चिडला होतात का घाबरला होतात? कारण पेपर फुटला असता तर नोकरी तुमची गेली असती. तेरा वर्षांच्या मुलीला हे डोक्यात येत नाही, पण मला नंतरही कधी आलं नाही, याचं जास्त वाईट वाटतंय. चुकले मी. पेपर बघितला ते एक, आणि तुमच्याबद्दल इतकी वर्षं गावभर खोटं सांगत फिरले ते दुसरं. दुसरं जास्त मोठं आहे असं मला वाटतं, तुम्ही काय म्हणता ते आल्यावर सांगा.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय, ठाण्याहून बसले की जेवायच्या वेळेला पोचते. आई, माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस, भाकरी आणि खर्डा असला तरी चालेल, पण तू ऐकणार नाहीस. दुपारी बाबांना घेऊन घाटावर जाऊन बसू, पायऱ्या उतरायच्या नाहीत, वरच बसायचं. प्रेसच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे असं धाकटा म्हणत होता, तिकडूनही जाऊ एकदा.

तुमची,
आगाऊ माफी मागणारी

ता. क. स्टिक भंगारात द्यायची नाही. पॉलिश पेपरने घासायची पण नाही. नुसतं खोबरेल लावून फडक्यात गुंडाळून ठेव, बाकीचं मी आल्यावर बघते. आणि ट्रंकेत तळाला खिळे पडलेत का बघ गं, एखादा ३ किंवा ६.