वायपरचे थांबणे बॅटरीसाठी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडे एका वाचकाने गाडीच्या वायपरविषयी लिहिले होते. स्टिअरिंगजवळची दांडी ‘इंट’ (इंटरमिटंट, म्हणजे थांबून थांबून) या खुणेवर ठेवली की वायपर एक फेरी मारून काही क्षण थांबतो, तो बॅटरी वाचावी म्हणून, आणि तो अधेमधे अडकू लागला की मोटर बदलण्यावाचून गत्यंतर नसते, असे त्यांचे म्हणणे होते. ही दोन्ही विधाने बरोबर नाहीत. पहिल्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. दुसऱ्यापायी मात्र नाहक पैसे मोजण्याची वेळ येते, आणि ती माझ्यावर येऊन गेली असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

बॅटरीचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. इंजिन चालू असताना गाडीला वीज पुरवतो तो अल्टरनेटर, आणि वायपरच्या मोटरला लागणारे चार-पाच अँपिअर समोरच्या दोन दिव्यांच्या मानाने कमीच असतात. तेव्हा वायपर थांबतो तो विजेसाठी नव्हे, तर काचेसाठी आणि रबरासाठी. वायपरचे रबर काचेवरून सरकते ते पाण्याच्या पातळ थरावर, आणि तो थर नसला की ते घासते, करकरते व काचेवर पट्टे ओढते. आमच्या डिचोली-साखळीकडच्या रस्त्यांवरील लाल धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. जूनच्या धारांत वायपर अखंड चालला तरी चालतो, पण चवथीच्या आसपासची भुरभुर, जी दोन वळणांपुरती येते आणि तिसऱ्या वळणावर ऊन पडते, तिच्यात अखंड चालणारा वायपर त्या धुळीचा चिखल करून डोळ्यांसमोर सारवतो. पुढच्या फेरीपुरते थेंब काचेवर साचू देणे हेच त्या थांब्याचे काम आहे.

आता हा थांबा घडतो कसा, हे जरा सविस्तर सांगतो, कारण दुरुस्तीतील सगळा घोळ येथेच होतो. वायपरची मोटर मुळात वेगाने फिरते. वर्म गिअरमुळे तो वेग उतरतो, आणि गिअरच्या चाकाला जोडलेली क्रँक व पट्ट्या त्या गोल फिरण्याचे काचेवरील जाण्या-येण्यात रूपांतर करतात. चाकाचा एक पूर्ण फेरा म्हणजे काचेवर एकदा जाणे आणि एकदा येणे. हळू गतीवर मिनिटाला अशा साधारण चाळीस-पंचेचाळीस फेऱ्या होतात. याच चाकाबरोबर एक धातूची चकती फिरते, जिच्यावर टेकलेल्या पत्त्यांमधून मोटरला विजेचा आणखी एक मार्ग मिळतो. वायपर काचेवर कुठेही असला तरी हा मार्ग जोडलेला राहतो. वायपर काचेच्या तळाशी आपल्या जागेवर आला की चकतीतील खाच पत्तीखाली येते आणि मार्ग तुटतो. बहुतेक गाड्यांत त्याच क्षणी मोटरची दोन टोके एकमेकांना जोडली जातात, त्यामुळे फिरती मोटर क्षणभर जनित्रासारखी वागते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. आपण बटण कुठेही बंद केले तरी वायपर मध्येच उभा न राहता खाली जाऊन निजतो, तो या चकती-पत्तीच्या जोडीमुळे, म्हणजेच पार्क स्विचमुळे.

थांब्याची वेळ मोजणारा भाग याहून अगदी निराळा आहे. जुन्या पद्धतीच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेने आपोआप जुळणाऱ्या-तुटणाऱ्या स्विचमध्ये, वीज साठवणारा एक कपॅसिटर, प्रवाह अडवणारा एक बदलता रोध आणि एक ट्रान्झिस्टर असतो. पागोळीखाली घागर ठेवावी तसा कपॅसिटर रोधातून येणाऱ्या बारीक प्रवाहाने भरत जातो; ठरावीक पातळीला पोचला की ट्रान्झिस्टर वाहू लागतो, रिले ‘टक्’ करून जुळतो आणि मोटरला वीज मिळते. लगेच कपॅसिटर रिकामा होतो व पुन्हा भरू लागतो. दांडीवरील कडे फिरवून आपण थांबा कमी-जास्त करतो, म्हणजे रोध बदलून ती धार बारीक किंवा मोठी करतो. बारावीला भौतिकशास्त्र घेतलेल्यांना आठवत असेल की कपॅसिटर सुमारे 63 टक्के भरायला लागणारा वेळ म्हणजे रोध आणि धारिता यांचा गुणाकार. 50 किलोओहम आणि 100 मायक्रोफॅरड घेतले तर बरोबर 5 सेकंद येतात. मी ही गोष्ट वर्गात अनेक वर्षे शिकवली, पण फळ्यावर वायपर काढण्याचे मला कधी सुचले नाही, याची आता खंत वाटते.

महत्त्वाची बाब अशी की रिले मोटरला फक्त सुरुवातीचा धक्का देतो आणि मोकळा होतो. उरलेली फेरी पुरी करून वायपरला खाली आणून ठेवण्याचे काम पार्क स्विचचे असते. नव्या गाड्यांत कपॅसिटरऐवजी संगणक वेळ मोजतो, तर काही गाड्यांत आरशामागे बसवलेला सेन्सर काचेत तिरके अवरक्त किरण सोडून किती परतले ते पाहतो आणि काचेवर थेंब असल्यास काही किरण बाहेर निसटतात यावरून पावसाचा जोर ठरवतो. पण फेरी पुरी झाल्याची खूण तिथेही मोटरकडूनच घ्यावी लागते.

त्या वाचकाने या शोधाचे श्रेय देताना वायपरच रॉबर्ट कर्न्स या अमेरिकन अभियंत्यांनी शोधला असे लिहिले आहे, तेही दुरुस्त करायला हवे. हाताने ओढायच्या वायपरचे पेटंट मेरी अँडरसन या अमेरिकन बाईंना 1903 मध्येच मिळाले होते. पुढे दीर्घकाळ अनेक गाड्यांचे वायपर इंजिन हवा आत ओढते त्या शोषणावर चालत, आणि त्यांची खोड अशी की चढणीवर ॲक्सिलरेटर दाबला की शोषण घटून वायपर मंदावे. चोर्ला किंवा अनमोडचा घाट पावसात चढताना असा वायपर असता तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. ब्रिटनमधील लुकास कंपनीचे जॉन एमॉस यांनी 1961 मध्येच थांबणाऱ्या वायपरसाठी इलेक्ट्रॉनिक मंडल (सर्किट) मांडले होते. कर्न्स यांनी अमेरिकेत आपला अर्ज केला तो 1964 मध्ये, आणि पेटंट मिळाले 1967 मध्ये. 1953 साली लग्नाच्या रात्री शॅम्पेनचे बूच उडून त्यांचा डावा डोळा जवळजवळ गेला होता आणि पुढे पावसात गाडी चालवताना पापणीच्या उघडझापीवरून त्यांना ही कल्पना सुचली, ही हकिगत सर्वत्र सांगितली जाते. हकिगत हृद्य आहे, परंतु तिच्यापाशी थांबले की मंडल कळायचे राहून जाते. पुढे कर्न्स यांनी पेटंटभंगाबद्दल फोर्ड या मोटारकंपनीविरुद्ध केलेल्या दाव्यात वादाचा मुद्दा नेमका मंडलाचा होता: यातला एकही सुटा भाग नवा नाही, असे कंपनीचे म्हणणे, तर या भागांची अशी जुळणी आधी कोणी केली नव्हती, असे कर्न्स यांचे. 1990 मध्ये ज्यूरीने, फोर्डने हे जाणूनबुजून केलेले नाही असे म्हणत, पेटंटचा भंग मान्य केला आणि फोर्डने 1 कोटी 2 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. क्रायस्लर या दुसऱ्या मोटारकंपनीकडून पुढे व्याजासह सुमारे 3 कोटी डॉलर मिळाले. डॉक्टरेट मिळवलेला हा अभियंता क्रायस्लरविरुद्धच्या खटल्यात स्वतःच आपली बाजू मांडत होता, याचे मला अधिक नवल वाटते.

आता माझ्या गाडीविषयी. गेल्या जुलैत तिचा वायपर हळू व जलद या दोन्ही गतींवर व्यवस्थित चालत असे, पण ‘इंट’वर ठेवला की चार बोटे वर चढून थांबे, पुढच्या ठोक्याला आणखी चार बोटे चढे, आणि बंद केला की काचेच्या मध्यावर उभा राही. ज्या गॅरेजात गाडी नेली तेथील मेस्त्रींनी झाकण उघडण्यापूर्वीच मोटर गेली असे सांगितले. मोटर बदलली, साडेतीन हजार रुपये झाले, आणि फोंड्याच्या वाटेवर पहिलीच सर आली तेव्हा वायपर पुन्हा चार बोटे चढून थांबला.

वर सांगितलेले ध्यानात घेतले तर हे लक्षण स्वच्छ बोलते. दोन्ही गती चालतात, म्हणजे मोटर धड आहे. ‘इंट’वर ठोका पडतो, म्हणजे वेळ मोजणारा रिलेही धड आहे. फक्त फेरी पुरी होत नाही, म्हणजे पार्क स्विचच्या मार्गात वीज नाही. मी चाचणीचा दिवा घेऊन शोधले, तेव्हा मोटरच्या अलीकडील कनेक्टरमध्ये त्या मार्गाची तार हिरवी पडून तुटलेली निघाली. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या ओलीत आपल्याकडे तांब्याचे असे होतेच. तार कापून नवी पिन लावायला वीस मिनिटे लागली. याउलट दोन्ही गती चालून ‘इंट’वर काहीच हालचाल झाली नसती, तर आधी रिले किंवा दांडीचा स्विच पाहावा लागला असता, आणि बटण बंद करूनही वायपर थांबलाच नसता, तर चिकटलेला रिले किंवा चिकटलेला पार्क स्विच. यांपैकी कुठल्याही तपासणीला मोटर उतरवावी लागत नाही.

काढून टाकलेली जुनी मोटर मी गॅरेजातून मागून आणली. घरातल्या टेबलावर ती 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडली, पार्क स्विचची तार तिच्या जागी लावली आणि चालू मोटरची मुख्य तार फेरीच्या अर्ध्यावर काढून घेतली. क्रँक थांबली नाही. उरलेला अर्धा फेरा पुरा करून ती दरवेळी त्याच एका जागी येऊन उभी राहिली.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
डिचोली, गोवा