पयलीं शू, मागीर केबल

मेस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या गाडीचा हँडब्रेक दुरुस्त केलात, त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणून फोन बंद करता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलीय, तुमच्या अंगणात आधीच सहा गाड्या उभ्या आहेत, आणि माझं पत्र वाचून सातवी आली तर काकी मला दारात उभं करणार नाहीत.

हँडब्रेक म्हणजे काय चीज आहे, हे पुलावरून ये-जा करणाऱ्यांना फारसं कळत नाही. चोडण बेटावरच्या आम्हा लोकांना कळतं. आमची रांग फेरीबोटीच्या धक्क्याच्या उतारावर लागते. बोट रायबंदरहून येईपर्यंत गाडीचं नाक मांडवी नदीकडे करून बसायचं. माझी स्कॉर्पिओ 2009 ची, बाबांनी घेतलेली. आता ती आमच्या भजनी मंडळाची वाहक आहे: पेटी, दोन पखवाज, झांजांची पिशवी आणि सहा जण. 2024 मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, तपासणी होऊन नोंदणी आणखी पाच वर्षांनी वाढली, तेव्हापासून म्हातारी ठणठणीत आहे असं मी सांगत फिरत होतो.

त्या सकाळी हँडब्रेक शेवटच्या खटक्यापर्यंत ओढलेला होता. मी खिशातून सुटे पैसे काढत होतो. एवढ्यात समोरची स्कूटर जवळ आल्यासारखी वाटली. स्कूटर जागच्या जागीच होती, पुढे सरकत होतो मी. वीतभरच असेल, पण त्या स्कूटरवर मागे एक शाळकरी पोर दप्तर घेऊन बसली होती. पाय ब्रेकवर आपटला, गाडी थांबली. मागून कोणीतरी पुढच्या चाकाखाली चिरा लोटला. त्यानंतर बोटीत चढलोच नाही. रांगेतून गाडी मागे घेतली आणि मयेच्या रस्त्याने हळूहळू डिचोलीला तुमच्या पत्र्याखाली आलो.

तुम्ही बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. गाडी न्यूट्रलला टाकायला सांगितलीत, हँडब्रेक सोडायला लावलात आणि सपाटीवर एका हाताने ढकलून बघितलीत. ढिम्म हलेना. मग मागच्या उजव्या चाकाजवळ तळहात नेलात आणि विचारलंत, "केबल कोणी ओढली?"

हँडब्रेकची केबल ताणून घेतली होती, दोनदा. कोणी ते राहू द्या, त्या गॅरेजचं नावही इथे नको. हँडब्रेक सैल वाटतो म्हणून मी जायचो, ते खालून नट आवळून द्यायचे, पाच मिनिटांत काम, आणि मी खूश. पणजीहून परतताना जळका वास यायचा तो मी रस्त्यावरच्या डांबराच्या माथी मारला होता. डिझेल जास्त जातंय ते पावसाच्या माथी.

त्या संध्याकाळी तुम्ही मला जे दाखवलंत ते इथे लिहितो, कारण जुनी एसयूव्ही बाळगणारे माझ्यासारखे अडाणी गोव्यात पुष्कळ आहेत.

आधी केबल पूर्ण ढिली केली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडणी लावली, मागून उचलून गाडी स्टँडवर घेतली. ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारं ब्रेकचं भांडं, निघेना. आतल्या काठाला गंजाची कड आली होती आणि शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानी, तिच्यामागे अडकून बसले होते. तेल सोडून, शू ड्रमच्या जवळ ठेवणारा ॲडजस्टर मागे फिरवून, हलक्या हातोडीने गोल गोल ठोकत तुम्ही तो अर्ध्या तासात काढलात. मी जोराने ठोकायला निघालो तर "देवळातली घंटा आहे का ती?" म्हणालात.

आत तांबड्या मातीचा चिखल. डाव्या चाकातला सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा भाग, पाझरत होता. रबरी टोपी उलटी केल्यावर ब्रेक ऑइल बोटावर आलं. त्या ऑइलने शूचं घासणारं अस्तर भिजून तुकतुकीत झालेलं. तेल लागलेलं अस्तर कितीही पुसलं तरी परत पकडत नाही, ते तुम्ही तेव्हा सांगितलंत. उजव्या बाजूचं दुखणं वेगळंच होतं. केबलचं बाहेरचं आवरण फाटून खाऱ्या हवेचं पाणी आत गेलं होतं, तार गंजून अडकत होती, त्यामुळे हँडब्रेक सोडला तरी शू ड्रमला घासतच राहायचे. वास तिथला होता. म्हणजे एक चाक धरत नव्हतं आणि दुसरं सोडत नव्हतं, आणि वरून नट आवळल्यामुळे दोन्ही झाकलं गेलं. "पयलीं शू, मागीर केबल," तुम्ही म्हणालात, म्हणजे आधी शू, मग केबल. अस्तर झिजून शू आणि ड्रममध्ये फट वाढली की हँडब्रेक सैल होतो. ती फट शूकडूनच भरायची असते. केबल ताणून भरली की ड्रमच्या आतला हँडब्रेकचा लिव्हर जाग्यावर परत जात नाही आणि ॲडजस्टरचंही काम बिघडतं.

मला वाटलं, डावीकडचेच शू आणि सिलिंडर बदलू, उजवीकडचे बरे दिसतात. तुम्ही नाही म्हणालात: एका अक्षावर एक चाक नवं, एक जुनं ठेवलं तर ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूला खेचेल. शू, सिलिंडर, स्प्रिंगांचा संच आणि केबल, सगळं जोडीने. पण मी ड्रमही नवे घ्यायला निघालो तेव्हा तुम्हीच अडवलंत. ड्रमवर कोरलेला कमाल व्यासाचा आकडा दाखवलात, व्हर्नियरने माप घेतलंत आणि म्हणालात, "अजून जीव आहे, फक्त कड काढून घेऊ." दुकानदाराने काढून ठेवलेले दोन ड्रम मी परत केले. त्याने तोंड वाकडं केलं, ते तुमच्या खात्यावर.

धूळ फुंकायची नाही, ही तुमची आणखी एक शिस्त. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते छातीत गेलं तर उतरत नाही. म्हणून साबणाच्या पाण्याने सगळं भिजवून धुतलंत. एक बाजू पूर्ण होईपर्यंत दुसरीला हात लावला नाहीत, स्प्रिंग कुठची कुठे ते बघायला नमुना पाहिजे म्हणून. मी फोटो काढलाय म्हटलं, तर म्हणालात, फोटोत मागची बाजू दिसत नाही. जुन्या शूवरचा हँडब्रेकचा लिव्हर काढून नव्यावर बसवताना ती बारीक क्लिप उडून कुठेतरी गेली. टॉर्च घेऊन आपण दोघं ओणवे होऊन शोधतोय, आणि काकी दारात उभ्या राहून हसतायत. शेवटी ती माझ्या चपलेखाली सापडली.

मग ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढायला मला आत बसवलंत. मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलने ऑइल दाबणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून, सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. "दाब. दाबून धर. आता सोड." चाळीसेक वेळा झालं असेल. टाकीतलं जुनं ऑइल चहाच्या रंगाचं होतं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्या पावसात तर विचारायलाच नको. मी पेटीवाला माणूस. माझ्या वाद्याला हवा लागते, तुमच्याला ती अजिबात चालत नाही. पेडल हळूहळू कडक होत गेलं तेव्हा मला भाता भरून आल्यासारखंच वाटलं, हे तुम्हाला तेव्हा सांगायचं राहून गेलं.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. केबल सगळ्यात शेवटी लावलीत. सहाव्या खटक्याला हँडब्रेक धरला आणि सोडल्यावर चाक हाताने मोकळं फिरलं.

दोन दिवसांनी नागपंचमी, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात आमची बारी. माझ्याकडून मजुरी घेतलीत ती इतकी कमी की मंडळातल्या कोणाचा विश्वास बसेना. बुवा म्हणाले, आकडा ऐकताना तुझी चूक झाली असेल. जाताना धक्क्यावर पुन्हा तोच उतार, तीच रांग. मी सहा खटके मोठ्याने मोजले. मागच्या सीटवर पखवाजी झोपला होता, त्याला वाटलं मी मात्रा मोजतोय.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पहिले दोनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारला नाही. आणि धो धो पावसात गाडी रात्रभर घरी उभी असली की हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरवर ठेवतो, चाकाखाली चिरा देतो, म्हणजे ओले शू ड्रमला चिकटत नाहीत. तो चिरा त्या दिवशीचाच आहे. धक्क्यावरून उचलून आणला, कोणाचा होता माहीत नाही.

तुमचा टॉर्च माझ्या सीटखाली राहिलाय. चवथीच्या आधी आणून देतो, नेवऱ्यांचा डबाही त्याच्यासोबत येईल.

तुमचा,
चोडणचा पेटीवाला