खडखड्याची बातमी मार्गशीर्षात हवी

महोदय,

ज्वारी महागल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. खापर सगळं पावसावर फोडलंय. पाऊस कमी झाला हे खरंच, पण आमच्या मंगळवेढ्याकडची ज्वारी नुसती वाळली नाही, ती लोळली. त्या रोगाला खडखड्या म्हणतात. बातमीत त्याचं नावही नाही.

मी नोकरीपायी तीस वर्षं काळाचौकीत. शेत धाकटा भाऊ बघतो. संक्रांतीला गेलो तेव्हा बांधावरून पीक बरं दिसत होतं. आत शिरून ज्वारीचं एक ताट, म्हणजे धाट, हलवलं, ते बुडाशी काडकन मोडलं. उभं चिरलं तर गाभा गायब, उरले नुसते धागे आणि त्यांवर कोळशाची पूड भुरभुरावी तसे काळे कण. हीच खडखड्या आणणारी मॅक्रोफोमिना बुरशी. हे कण जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. बुरशी मुळांतून शिरते. फुलोऱ्यानंतर ओल तुटली आणि जमीन तापली की मग तिचं फावतं. त्यातही दाट पेरलेलं आणि युरिया सढळ हाताने टाकलेलं रान आधी आडवं होतं. दाणा पोचट राहतो, कडब्याची तर मातीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा आम्हाला अभिमान आहे, पण मानांकन ताट उभं धरत नाही.

लोळल्यावर औषध नाही. जे करायचं ते आधीच: बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळणं, वेळेवर विरळणी, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने जमिनीच्या भेगा बुजवणं, हलक्या रानात मालदांडी वाणाऐवजी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले अनुराधा हे वाण. आणि विहिरीत असेल तर फुलोऱ्याच्या सुमाराला एक पाणी. आमच्या विहिरीत ते होतं. भावाने उसाला दिलं. त्याला तरी काय बोलणार, उसाचे पैसे डोळ्यांना दिसतात.

माझी विनंती एवढीच, की खडखड्यावर चार ओळी मार्गशीर्षात छापा, ज्वारी फुलोऱ्यात असताना. भाव चढल्यावर नव्हे. आणि त्या ओळी मुंबईच्या अंकातही येऊ द्या. गिरणगावात अजून कितीतरी घरांची शेतं गावाकडे आहेत. आमच्या वस्तीवर पेपर जात नाही, पण भावाला रात्री माझा फोन असतोच.

– एक वाचक, काळाचौकी, मुंबई