या शनिवारी पप्पांबरोबर कोण?

गिरीज, वसई
14 डिसेंबर 2025, रविवार, रात्री उशिरा

पास्क्या,

ईस्टरनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढे वाच. व्हॉट्सॲपवर लिहिलं की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस आणि फोनवर बोलावं तर तुझी बायको शेजारून उत्तरं देते, म्हणून ईमेल. तब्येत ठीक. उजवा गुडघा कुरकुरतो, शुगर आहे तिथेच आहे. आईला दिसतं कमी, पण नको ते सगळं ऐकू येतं.

काल मार्केटचा शनिवार होता, नाताळाच्या खरेदीचा.

यंदा दोन्ही पोरं आली. 2019 नंतर पहिल्यांदाच. शुक्रवारी जेवताना मी दरवर्षीसारखं विचारलं, "उद्या कोण येतंय?" आणि रिया आणि जोएल एकदम म्हणाली, "आम्ही." दुसऱ्यांदा विचारावंसुद्धा लागलं नाही. मला इतका आनंद झाला की मी स्वतः पँटला इस्त्री केली. सिंथिया बघत होती, पण काही बोलली नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

मास्तरांच्या, तुझ्या वडिलांच्या, नियमाप्रमाणे आधी उलटं विरारला गेलो, तिथून खिडकी पकडली. जोएलचं म्हणणं, शनिवारी एवढ्या उशिरा गर्दी कुठली, एसीने जाऊ. मी म्हटलं, मुंबईची पहिली एसी लोकल धावली तीच मुळी 2017 च्या 25 डिसेंबरला, म्हणून काय ती नाताळची गाडी झाली? खिडकी उघडत नाही त्या गाडीतून भाईंदरच्या खाडीचा वास कसा येणार? तो म्हणाला, "एक्झॅक्टली." कार्टं हुशार आहे.

चर्चगेटला उतरून मेट्रो सिनेमावरून चालत. मंगळदास मार्केटात शर्टाचं कापड, लोहार चाळीत तोरणं, अब्दुल रहमान स्ट्रीटवर ताऱ्यासाठी कागद, मग क्रॉफर्डमध्ये मार्झिपॅनचे साचे आणि बेदाणे. क्रमही तोच, कारण मास्तर म्हणायचे, कापड आधी, ते भिजत नाही, फुटत नाही, वितळत नाही. कमानीखाली उभं राहून मी त्यांचं भाषणही केलं. आर्थर क्रॉफर्ड पहिला म्युनिसिपल कमिशनर, इमारत 1869 ची, दगडातलं हे कोरीवकाम लॉकवुड किपलिंगचं, म्हणजे रुडयार्डच्या बापाचं. आणि 1882 साली इथे विजेचे दिवे लागले तेव्हा पोरांनो, आपल्या गावात रॉकेलसुद्धा मोजून जाळत होते. शेवटी त्यांचं ते ठरलेलं वाक्य: "गव्हाचे शेतकरी कोरले, वसईचा केळीवाला मात्र विसरले." जोएलने विचारलं, "पप्पा, किपलिंग म्हणजे जंगलबुकवाला?" पाच वर्षांचा असल्यापासून त्याने हे कितीदा ऐकलंय. तरी विचारलं. मी खूश होऊन परत सांगितलं. (क्रॉफर्ड म्हटलं की मास्तर चिडायचे, आठवतं? "फुले मंडई म्हणा, जोतिबांच्या नावाने तोंड विटाळत नाही." काल माझ्या तोंडून दोन्ही नावं आली, बोर्डावर एक आणि जिभेवर दुसरं.)

आता मुद्द्यावर येतो. समोर बादशाहमध्ये फालुदा. रियाने फोन माझ्या हातात दिला, "आमचा दोघांचा फोटो काढा." मी कॅमेरा धरला आणि वरून एक मेसेज घसरत खाली आला. सिंथियाचा. "दोघं त्यांच्याबरोबरच आहात ना? पायऱ्यांवर हात धरा." ग्रुपचं नाव 'पप्पा ड्युटी'.

माझं बोट लागलं. म्हणजे लागलं नाही, मी लावलं. तुझ्याशी काय खोटं बोलायचं.

2022 पासूनचं सगळं आहे त्यात. "या शनिवारी पप्पांबरोबर कोण? गेल्या वर्षी मी गेले होते." "माझे प्रॅक्टिकल्स." "खोटारड्या, तुझे प्रॅक्टिकल्स फेब्रुवारीत." "दोनशे दे, जातो." आणि यंदाचं, आईसाहेबांचं फर्मान: "दोघंही जा. त्यांचा गुडघा दुखतोय आणि ते सांगणार नाहीत."

मी फोटो काढला. दोघं छान हसतायत त्यात, कोपऱ्यात माझं बोट. फोन परत दिला, फालुदा संपवला. चव लागली नाही असं लिहिणार होतो, पण लागली. चांगलाच होता.

हे मी तुलाच का लिहितोय ते तुला कळलं असेल. वसई रोडचा दोन नंबर प्लॅटफॉर्म, 1995. एक रुपयाचं नाणं. हरेल त्याने मास्तरांबरोबर मार्केटला जायचं, जिंकेल त्याला ताप येणार आणि तो वांद्र्याला सिनेमाला. पहिल्या वर्षी तू हरलास आणि अजून सांगत फिरतोस की मी लबाडी केली. लेका, नाणं तू उडवलंस, तूच झेललंस, तळहातावर उलटं तूच केलंस, मी लबाडी केली कुठे? तीस वर्षं झाली, आता तरी कबूल कर. पुढच्या वर्षी मी हरलो, तेव्हा मी रडलो का?

त्या 1996 चंच मला काल रात्रभर आठवत होतं. याच हॉटेलात मास्तरांनी फालुदा मागवला, माझा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "पास्कूला ताप किती आहे रे?" मी म्हटलं, एकशे दोन. ते थोडं थांबून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत उतरेल." बस्स. मग बेदाण्याच्या भावावर बोलायला लागले.

एकोणतीस वर्षं मी हे वाक्य उलटंपालटं करून बघतोय. म्हणजे ताप उतरेल? की सिनेमानंतर तू गाडीतून उतरशील?

आणि 97. त्या वर्षी आपण नाणंही उडवलं नाही. तुला क्लास होता, मला आईबरोबर दादरला फुलं घेऊन जायचं होतं (सोनचाफा पहाटेच विकून झाला होता, आई नऊला घरी परतलीसुद्धा होती). मास्तर एकटे गेले. रात्री आले ते दोघांसाठी एकाच ताग्यातलं कापड घेऊन, ती निळी चौकडी. मी तो शर्ट पार विरेपर्यंत घातला. आपण दोघांनीही विचारलं नाही, की एकटे कुठे कुठे फिरलात. कमानीखाली त्यांनी भाषण केलं असेल का रे? कोणाला?

98 च्या डिसेंबरात ते म्हणाले, "आता इथे माणिकपूरला सगळं मिळतं." तेव्हा आपल्याला सुटल्यासारखं वाटलं. मला तरी वाटलं.

रागावलोय का? सिंथियाला वाटतं रागावलोय. रात्री तिला विचारलं तर म्हणते, "मी लग्न झाल्यापासून ड्युटीवर आहे, माझ्यासाठी कोणी ग्रुप काढला?" यावर काय बोलणार. ती पुढे म्हणाली, 2020 आठवा. तेव्हा लोकलमध्ये ठरावीक वेळेत बायकांना परवानगी होती, आपल्याला नव्हती. ती आणि रिया दोघीच मार्केटला जाऊन आल्या. हसत हसत घरात शिरल्या, पिशव्या उघडेपर्यंत हसत होत्या. मी फाटकात उभा राहून विचारत होतो, मंगळदासला गेलात का, लोहार चाळीत तोरण लावून बघून घेतलंत का. त्या गेल्याच नव्हत्या म्हणे. बेदाणे घेतले आणि दिवसभर फिरल्या. "आजवरची सगळ्यात चांगली खरेदी," असं रिया तेव्हा म्हणाली होती. ते मी विनोद म्हणून ऐकलं.

राग नाही रे. पण आता कालचा दिवस उलगडत बसलोय आणि मला त्यातलं काही ओळखू येत नाही. जोएलने किपलिंगचं विचारलं ते ड्युटीतलं? रियाने मंगळदासमध्ये मीटरमागे तीस रुपये तोडून घेतले आणि विजयाने माझ्याकडे बघितलं, तेही? आपल्याला निदान ड्युटी नीट करता येत नव्हती. तोंड पाडून मागे मागे चालायचो, पिशव्या धरायला कुरकुरायचो. ही पोरं इतकी बेमालूम करतात की मला शंकाही आली नाही. येताना गाडीत जोएलची मान माझ्या खांद्यावर पडली. बोरिवलीपासून नायगावपर्यंत झोपला. झोपेचं नाटक कोणी एवढं लांबवत नाही ना?

सकाळी मिस्साला फादर प्रवचनात काय म्हणाले मला विचारू नकोस. आज गुलाबी मेणबत्तीचा रविवार, आगमनकाळातला आनंदाचा. वेदीवर ती पेटवायचा मान जोएलचा होता. दोनदा काडी विझली.

पुढच्या वर्षी मीच म्हणावं का, की आता माणिकपूरला सगळं मिळतं? मिळतंच. फोनवर तर त्याहून जास्त मिळतं. पण हे वाक्य ओठांवर आलं की मला मास्तर दिसतात आणि वाटतं, त्यांनाही असंच काहीतरी दिसलं असेल. तुझ्या आईला विचारावं म्हणून संध्याकाळी तुमच्या घरी गेलो होतो. मावशी कुलकुल वळत होती, मलाही बसवलं. माझे कुलकुल अजून गोगलगाईसारखे होतात म्हणाली. विचारायचं राहिलं. खरं तर धीर झाला नाही. तुला माहीत आहे का? त्यांना कळलं होतं का? कधी बोलले तुझ्याजवळ?

बाकी तुझं काय? नोकरी पक्की झाली का? छोटीचे फोटो पाहिले, नाक तुझं, बिचारी. बर्फ काढताना कंबर सांभाळ. घराच्या हप्त्याचं तू ईस्टरला लिहिलं होतंस, त्यावर मी काहीच बोललो नाही, ते माझ्या लक्षात आहे. पुढच्या पत्रात नक्की.

एक काम. काल मंगळदासमध्ये निळी चौकडी दिसली. तीच नव्हे, पण जवळपासची. एकाच ताग्यातून दोन शर्टांचं कापड घेतलं. रियाने विचारलं, दुसरा कोणाचा, तर म्हटलं, एका माणसाचा. शेजारची मुलगी 20 तारखेला टोरंटोला निघतेय, तिच्या बॅगेत जागा आहे. टेलर मंगळवारपर्यंतच माप घेतोय, नंतर नाताळापर्यंत हात लावणार नाही म्हणतो. तेव्हा कॉलर, खांदा आणि बाहीची लांबी लगेच कळव. पोटाचं माप खरं लिही. मागच्या वेळी तू श्वास रोखून मोजलं होतंस.

तुझा,
इनास